डांबराखालची लाल काच

काका,

खड्ड्यात स्कूटर उलटली आणि दादा आता पायावर उभा राहणार नाही. तरी रस्ते खात्याचे साहेब म्हणून तुम्ही कोर्टात सांगितलंत, "रस्ता ठणठणीत होता. आमचं पोरगंच सुसाट होतं."

काल कोर्टाच्या तज्ज्ञांनी माझ्यासमोर तो रस्ता कापला. तुमच्या खात्याचं कुणी फिरकलं नाही. डांबराखाली लाल काच निघाली. दादाच्या स्कूटरच्या फुटलेल्या दिव्यात ती तंतोतंत बसली. म्हणजे खड्डा अपघातानंतर भरला, तोही न झाडता. आधी झाडायचं, मग डांबर टाकायचं, हे मला तुम्हीच शिकवलंत.

काकू म्हणाली, "काका पैसे देतील, घरातलं घरात मिटव गं." नाही मिटवणार. भरपाई खात्यानंच द्यायची, तुम्ही गुपचूप नाही.

हे पत्र पाठवलं तर तुम्ही नवं उत्तर शोधाल, म्हणून पाठवत नाही. उद्या माझी साक्ष आहे. समोरच बसा.

तुमची पुतणी, आणि तुमच्याच हाताखाली शिकलेली इंजिनिअर