वाघिणीची ओळख पटवली तेव्हा

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मी तुझ्याहून वयाने मोठा झालोय. गुडघे कुरकुरतात, पण कॅमेरा सुटला नाही. सुरुवातीला मी पाखरांचंच चित्रण करायचो, फोटो काढायचो. तू चुलीपुढे बसून ते बघायचीस, हसायचीस. वाघाचा पहिला फोटो दाखवला तेव्हा मात्र तांदूळ निवडता निवडता तुझा हात थांबला. "पाखराचे काढ ना बाबू. याच्या मांगं काऊन लागतं? आमाले रोज त्याच्याच घरात जा लागते." मी हसण्यावारी नेलं.

यंदा मोहफुलांच्या दिवसांत आपल्या गावातली एक बाई वाघाने मारली. तुझ्या शेजारणीची सून. सकाळी झाडाखाली वाकून फुलं वेचत होती, मान वर करायलाही सवड मिळाली नाही तिला. वनखात्याने तिथे लावलेल्या कॅमेऱ्यात एक वाघीण आली, पण फोटो अर्धवट. साहेब माझ्या घरी आले. "या भागातल्या वाघांचे जुने फोटो तुमच्याकडेच आहेत. ही कोणती, सांगता येईल?" सांगायला मला जुने फोटो उघडावेच लागणार नव्हते. डाव्या खांद्यावरचा तो दुभंगलेला पट्टा मी ओळखतो, ती आईच्या मागे धडपडत चालायची तेव्हापासून. तिच्यावर मी फिल्म केली, ती परदेशात दाखवली गेली. पाणी आणतो म्हणून मी आत गेलो आणि ओट्याला टेकून नुसताच उभा राहिलो. नाही म्हटलं तर उद्या आणखी कोणी मरेल. हो म्हटलं तर ती उरलेला जन्म पिंजऱ्यात काढेल. बाहेर येऊन म्हणालो, "तीच आहे." पाणी आणायचं राहूनच गेलं.

तिला बेशुद्ध करून गाडीत चढवलं, तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते. मी कॅमेरा नेला नव्हता. गर्दीतून त्या बाईचा नवरा माझ्याकडे आला. वाटलं, आभार मानेल, नाहीतर शिवी घालेल. तो म्हणाला, "भाऊ, तुमी त एवढे फोटो काढता. माह्या बायकोचा एखादा निंघन का? भिंतीले लावाले माह्यापाशी एकबी नाई. आधार कार्डावरच्या फोटूत ते दुसरीच कोनी दिसते."

माझ्याकडे कुठला असणार? तरी "पाहतो" म्हणालो. मग कितीतरी दिवस जुनी चित्रणं चाळत बसलो. एका ठिकाणी नीळकंठ फांदीवर बसून पिसं साफ करतोय आणि मागून एक बाई टोपली घेऊन जातेय. सगळं धूसर, चेहरा तर नाहीच. तो तुकडा मी त्याला नेऊन दाखवला. त्याने एकदाच पाहिलं. "हे तीच. चालनं तिचंच हाय." मग पडद्यावर हात ठेवून बसला. टोपलीवाली बाई त्याच्या बोटांखालून जात राहिली, मी पुन्हा पुन्हा लावत राहिलो.

तेव्हापासून मी जंगलात गेलो नाही. लोकांना वाटतं, वाघिणीचं दुःख आहे. तेही आहे, डोळे मिटले की तो खांदा दिसतो. पण घरात बसून मी काय करतो, ते कोणाला सांगितलेलं नाही. हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून तुला सांगतो. जुनं एकेक चित्रण लावतो आणि पाखरं बघतच नाही, पाखरांच्या मागे बघतो. तूही तिथूनच मोळी घेऊन यायचीस. तुझा चेहरा मला आता नीट आठवत नाही, माय. चाल ओळखेन असं वाटतं. अजून तू सापडली नाहीस.