‘हजर कोण’ हा रकाना

३ नोव्हेंबर
बारामतीत पोचले आणि जळोचीत खोलीही मिळाली! घरमालकीणबाईंनी चहा पाजता पाजता माझ्या लग्नाचीही चौकशी उरकून घेतली. कंपनी छोटी, पण प्रयोगशाळा बघून मी हरखलेच. काचेच्या बंद खोलीत एक यंत्रहात. उसाच्या चिपाडापासून औषधात लागणारं रसायन काढायचं. तापमान किती, आम्ल किती, हे संगणक मागच्या प्रयोगांवरून शिकतो, रोज सकाळी सुचवतो, आणि हात ते करतो. आत देखरेखीला काटेवाडीचा गोकुळ बसतो. त्याची आई, प्रयागबाई, डब्यात आता माझीही भाकरी घालणार आहे म्हणे. रसायन किती निघालं त्याला इथे सगळे साखर कारखान्यासारखं ‘उतारा’च म्हणतात. मजा आहे.

१० नोव्हेंबर
माझी टापटीप जगजाहीर. प्रयोगाच्या माहितीत एक रकाना वाढवला : हजर कोण. मशीनला माजं नाव कशाला म्याडम, पंगतीला बोलवायचंय व्हय, असं म्हणून गोकुळ हसत सुटला.

१८ नोव्हेंबर
उतारा वाढला! संगणक आता तापमानाखाली नावही सुचवतो. रोज गोकुळच. एकदा त्याच्याऐवजी मी बसून पाहिलं, तर उतारा धाडकन पडला. मालक विजयसिंहसाहेब म्हणाले, असाच उतारा द्या, तुम्हाला कायम करतो. गोकुळला कारण सांगितलं नाही. उगाच घाबरला असता.

२६ नोव्हेंबर
गोकुळ खंगत चाललाय. आतली हवा तपासून घेतली, स्वच्छ आहे. पण तो जितका उतरतो तितका उतारा चढतो. हे मला दिसतंय. कळतंय, पण वळत नाही. आज त्याने सुट्टी मागितली. अंगात जीव न्हाय म्हणाला. मी म्हटलं, औषध कंपनीचे पाहुणे येऊन माल बघून जाऊ देत, मग घे. त्याच्या आईची भाकरी खाता खाता म्हटलं.

२ डिसेंबर
गोकुळ गेला. आतच, स्टुलावर बसल्या बसल्या. डॉक्टर म्हणतात, हृदय.
उतारा आजवरचा सर्वांत जास्त.
रकाना माझा. सुट्टी मी अडवली. मी मारलं त्याला.
मला कायम केलं.

९ डिसेंबर
प्रयागबाई आल्या. माझे हात धरून म्हणाल्या, तुमी हाय म्हणून इचारते, पोराच्या जागी सुनंला घ्या, शिकलेली हाय. सगळं सांगून टाकायचं होतं. ‘बघते’ एवढंच म्हटलं.
वर येऊन संगणकाचा पडदा पाहिला. नाव आलंय — राजनंदिनी. गोकुळची बायको. मी अजून कुणालाच—
रकाना पुसला. परत आला.

१० डिसेंबर, सकाळ
साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, रजा घ्या, दमलात. राजनंदिनीला मी घेतलंय, आजपासूनच येतेय.
वीज तोडली. हात हलतोच आहे. पडदा चालूच.
तिचं नाव खोडून माझं घातलं. आत येऊन गोकुळच्या स्टुलावर बसलेय. घे, मला घे—
हात थांबला.
माझं नाव पुसलं. त्यानंच.
पुन्हा तिचंच.
काचेपलीकडे ती आलीय. हातात डबा. त्यात माझीही भाकरी—
मी ओरडतेय, तिला ऐकू जात नाही. दार आपोआप उघडतंय— ती हसली, आत पाय