हात वर न करणारे पेशंट

१४ मे, ओसाका
ठणकणाऱ्या खालच्या दाढेला बधीर करायचं इंजेक्शन धड लागू पडत नाही, हे पुण्यात दवाखाना चालवताना रोजचंच. रूट कॅनालआधी सुजेवरची साधी गोळी देऊन बघू, हा हट्ट माझा. इथल्या दंत विभागाच्या प्रमुखांनी, ओकादा-सेन्सेईंनी ऐकलं! अर्ध्यांना गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी खोटी. कुणाला कुठली, ते शेवटपर्यंत पाकिटात बंद. इथलं लायसन्स नाही म्हणून पेशंटला हात लावता येत नाही, पण नोंदी माझ्या.
सेन्सेई सुरुवातीलाच सांगतात, दुखलं तर डावा हात वर करा. वर झालेले हात मी मोजते. जवळजवळ कुणीच करत नाही. डिपार्टमेंट खूश. मी तर हवेत.

२२ मे
आजचे काका. हात मांडीवर शांत, आणि मोज्यातली पायाची बोटं घट्ट आवळलेली. बाहेर गाठून विचारलं. "थोडं दुखलं. पण सेन्सेई कामात होते ना."
अर्ध्यांना तर खोटी गोळी, तरी कुणाचाच हात वर नाही. मग आधीच्यांचं काय?

२३ मे
निखिल म्हणाला, "बोललीस तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल."
"मग करू."
म्हटलं खरं. संशोधनाचा पेपर हातचा गेला तर इथे मी परत नुसती निखिलची बायको.

२६ मे
बोलले! मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर, मोडक्या जपानीत. हात मोजून दुखणं कळत नाही, म्हटलं. सेन्सेईंनी नोंदींची फाइल मिटली. बाकीचे टेबलाकडे बघत. मग, "कुलकर्णी-सान, जुन्या नोंदी बाजूला ठेवू. नव्याने सुरू करू."
कुणी खूश नाही. मी आहे. घरी येऊन मस्त आल्याचा चहा केला, एकटीनेच प्यायले.

९ जून
नवी पद्धत. सेन्सेई मध्येमध्ये स्वतः थांबतात, पेशंटपुढे कागदावरची रेघ धरतात, किती दुखतंय तिथे खूण करा म्हणतात. पहिल्याच आजी. खूण थेट 'असह्य'च्या टोकाजवळ! लगेच जादा इंजेक्शन, मग चेहरा सैल पडला. जाताना तीनतीनदा वाकल्या, "त्रास दिला तुम्हाला." मी त्यांच्याहून खाली वाकले.
आजींना खोटी गोळी मिळाली असेल तर ठीक. खरी असेल तर... अशा चारदोन निघाल्या की माझी गोळी आपटलीच. असो. ही खूण खरी आहे, आणि ती माझ्यामुळे उमटली.
निखिलला दारातच सांगितलं, आज पेशंटला खूप दुखलं.
"मग एवढी हसतेस काय?"