चॉकलेटची गाठ

रामवाडी, पेण

ती. शकूताईस धाकट्या मालूचा वाकून नमस्कार.

तिकडे तू, भाऊजी आणि तुमची लेक हौसा खुशाल असाल. तुझ्या गुडघ्याला उतार पडला का? आम्ही इकडे ठीक आहोत (म्हणजे सासूबाई ठीक आहेत, आम्हा दोघांचं खाली लिहिते).

मूल होत नाही म्हणून चार वर्षांनी का होईना, एकदाची सोनोग्राफी केली. भरपूर पाणी पिऊन या म्हणाले. मी जवळजवळ कळशी रिचवली, आणि माझा नंबर यायला नि वीज जायला एकच गाठ पडली. बाकावर पाय आवळून किती वेळ बसले ते माझं मलाच ठाऊक. वीज आली तेव्हा खरी गाठ दिसली, डाव्या अंडाशयावर, लिंबाएवढी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत जुनं रक्त साठून तपकिरी होतं, म्हणून हिला चॉकलेट सिस्ट म्हणतात.

सासूबाईंनी त्यातला एकच शब्द उचलला. संध्याकाळपर्यंत नाक्यावरच्या दुकानदाराला ताकीद गेली की आमच्या सुनेला चॉकलेट द्यायचं नाही. (ताई, मला चॉकलेट आवडतसुद्धा नाही.) मग सगळी आळी मला बघायला आली. शेजारच्या ठमाबाई गूळ-खोबरं घेऊन आल्या, "गोड सोड गो, गाठ आपसूक विरंल," म्हणाल्या, आणि गूळ-खोबरं परत घेऊन गेल्या.

हसू येतं, पण हळहळ वेगळीच आहे. दर महिन्याला पोटात पीळ पडायचा, तेव्हा आपली आई म्हणायची, बाईच्या जातीला हे असतंच. सासूबाईंनीही तेच सांगितलं, मीही तेच धरून बसले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुखायला लागलं तेव्हाच आली असतीस तर कदाचित इतकं वाढलं नसतं. आता गाठ दुर्बिणीनं काढायची. अंडाशय किती वाचेल ते आत पाहिल्यावरच कळणार. मूल होईल का, यावर त्या हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत.

यांचीही तपासणी करा म्हणाल्या. सासूबाईंचा सवाल, गाठ हिच्या पोटात, मग माझ्या जगनला कशाला? तरी हे आईला न सांगता गेले. नमुन्याची बाटली तासाभरात पोचवायची होती. ती खिशात ठेवून यांनी आपली सिक्स-सीटर रिक्षा काढली, आणि रस्त्यात वऱ्हाडानं हात केला तशी सवयीनं थांबवली. वऱ्हाड पार वडखळला सोडून आले. नमुना फुकट. दुसऱ्यांदा रिकाम्या गाडीनं गेले. उणं यांच्याकडेही निघालं.

त्या दिवशी हे गाडी दारात लावून आतच बसून राहिले. मी चहा नेला, तेव्हा म्हणाले, "चार वर्सं तू एकटीनं ऐकून घेतलंस, मालू. मी समोर बसून जेवत व्हतो."

सासूबाईंना यांनी स्वतःच सांगितलं. त्या ऐकून नुसत्या उठून गेल्या. पण तेव्हापासून माझ्या दुखण्याच्या दिवसांत पाणी भरायला त्या जातात.

बाकी ठीक. माया आहेच, तशीच असू दे.

तुझी,
मालू

ता. क. ऑपरेशन पनवेलला, संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी आहे. गुडघ्याचा त्रास काढून येण्याची तसदी घेऊ नकोस. (घे.)

आणखी ता. क. खरं तर पत्र याच्यासाठी लिहायला घेतलं. गणपतीत मी तुझ्याकडे आले होते तेव्हा हौसा आतल्या खोलीत पोट धरून पडली होती, आणि तू म्हणालीस, कामाच्या वेळेला बरं दुखतं हिचं. ताई, पोर नखरे करत नव्हती. तिला पेणला घेऊन ये, डॉक्टरीणबाईंना मी सांगून ठेवलंय. नाही आणलीस तर मी येऊन नेईन, टाके ओले असले तरी.