कुंपणाबाहेरची फुलं

प्रिय तोकु,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे पत्र शेगडीत टाकलं नसलंस, तर तेवढ्यानंच माझा जीव भांड्यात पडेल. आधी खुशाली सांगते. धुकं हटायला तयार नाही, त्यामुळे समुद्रातून ओढून किनाऱ्यावर पसरलेलं कोम्बूचं शेवाळ वाळता वाळत नाही आणि सगळं गाव आभाळाला शिव्या घालतंय. माझे गुडघे कुरकुरतात. तुझी सुझु घोडी ठणठणीत आहे, दात पडले पण म्हातारीचा तोरा काही गेला नाही. आणि आपल्या टोकावर, दीपस्तंभाजवळच्या माळावर, यंदा अयामेची फुलं उमललीच नाहीत. हे एवढं वाक्य लिहायला मला अख्खी दुपार लागली बघ.

तुला आठवतं का, कोम्बू ओढायचं काम संपलं की बाबा घोड्यांना टोकावर मोकळं सोडायचे? जून उलटला की समुद्राच्या कड्यापर्यंत नुसतं जांभळं व्हायचं, आणि त्यातून घोड्यांच्या पाठी तेवढ्या दिसायच्या. तू एकदा अयामेचं पान चावून बघितलं होतंस. तोंड असं भाजलं की दिवसभर थुंकत हिंडत होतास. बाबा पोट धरून हसले होते. "घोड्यांना कळतं ते खायचं नसतं म्हणून, आणि हा गाढव निघाला!" म्हणाले होते. मीही हसले होते. त्या हसण्यात सगळं उत्तर होतं रे, पण डोक्यात शिरायला हवं ना!

पुढे शहरातले लोक 'आयरिस, आयरिस' करत कॅमेरे घेऊन यायला लागले आणि फुलं राखायचं मंडळ निघालं. अध्यक्ष कोण, तर मी, फुसाए! मला वाटायचं, घोडे फुलं तुडवतात. खरं सांगू का, त्याहून जास्त मला पाहुण्यांच्या बुटांना लागणाऱ्या लिदीची लाज वाटायची. माळाला कुंपण घालून घोडे बाहेर ठेवायचं मी सभेत मांडलं, तेव्हा तू उठून म्हणालास, "ताई, घोडे वर्षानुवर्षं तिथंच चरतायत, आणि फुलंही तिथंच आहेत." त्यावर मी काय बोलले ते तुझ्या कानात अजून असेल. "मंडळी, तुम्हाला फुलं हवीत की माझ्या भावाची लीद?" उचलली जीभ लावली टाळ्याला. सगळे खदखदून हसले. तू टोपी घातलीस आणि गेलास. तू घोडे घेऊन तोकाचीला निघालास त्या सकाळी सुझु काही केल्या ट्रकमध्ये चढेना. तिचा दोर माझ्या हातात देताना तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. मी तो दोर कोम्बूच्या शेडमागं बांधला आणि कुंपणाच्या तारा बघायला गेले.

पहिल्या वर्षी कुंपणाच्या आत फुलं अशी आली म्हणतोस! मी नाक वर करून गावभर फिरले. मग गवत वाढलं. मग ओवा-कोथिंबिरीसारखी ती उंच रानझाडं, मग कमरेएवढा सासा, बुटका चिवट बांबू. अयामे खाली गुदमरून गेली. आणि इकडे शेडमागं, सुझुचा दोर जिथवर पोचतो तिथवर, गोल कापल्यासारखं गवत बारीक आणि त्यात फुलंच फुलं. कुंपणाबाहेर.

तोकु, मी ते बघितलं. बघताक्षणी मला सगळं कळलं. आणि मी काय केलं असेन? जुनी मासेमारीची जाळी आणली, बांबू रोवले आणि रस्त्याच्या बाजूनं वाळत घातली, कुणाला दिसू नये म्हणून. कोंबडं झाकून सूर्य उगवायचा थांबतो का? पण दरवर्षी जून आला की मी ती जाळी काढून पुन्हा घट्ट बांधायचे. रोज सुझुला पाणी द्यायला जायचे ते मान खाली घालून. जनावरासमोर लाज वाटते माणसाला, हे मला या वयात समजलं.

यंदा फुलांची जत्रा जवळ आली तरी माळ हिरवाच. पाहुण्यांच्या बसगाड्या ठरलेल्या. मग मी रोपवाटिकेतून बागेतली फुलं आणवली, मोठ्ठ्या झालरीच्या पाकळ्यांची, आणि कुंड्यांसकट गवतात पुरली. लोक फोटो काढत होते. एक आजी तर डोळे पुसत मला म्हणाल्या, "तुमच्यामुळे हे टिकलं हो." तेवढ्यात दोर तोडून आपली सुझु उघड्या फाटकातून आत! कुणाकडे न बघता ती सरळ चरायला लागली. एका फुलालाही तोंड लावलं नाही, फक्त गवत. आणि दोन पावलं पुढं आली तर पायात काळी प्लास्टिकची कुंडी, फुलासकट, खडखड वाजतेय. शेजारच्या मात्सुए काकू ओरडल्या, "अगं बाई, हल्ली अयामे कुंडीसकट उगवते वाटतं!" हसू असं उसळलं म्हणतोस! त्या आजी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी फक्त कॅमेरा पिशवीत ठेवला.

मी सुझुच्या पायातली कुंडी काढली. घरी पळून पांघरुणात तोंड लपवावं असं फार वाटलं. पण तिचा दोर धरला आणि शेडमागं चालायला लागले, तर सगळे मागून आले. तिथं मी माझ्या हातानं जाळी खाली ओढली. मग कुणी हसलं नाही. मात्सुए काकूंनी खाली बसून एका फुलाला बोट लावलं आणि एवढंच विचारलं, "कधीपासून माहीत होतं तुला, फुसाए?"

परवा मंडळानं कुंपण काढायचं ठरवलं. तोकुजीला कोण सांगणार, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. म्हणून हे पत्र. तू बरोबर होतास आणि मी तुला चारचौघांत हसण्यावारी नेलं. क्षमा मागायला मला तोंड नाही, पण मागणं आहे. काल मी सासाच्या मुळाशी हातानं उकरून बघितलं. अयामेचे कंद आहेत अजून, बारीक झालेत पण मेलेले नाहीत. बर्फ पडायच्या आत ये. आपले घोडे बर्फाखालचा सासाही उकरून खातात, तूच सांगायचास. फाटक मी काढून ठेवलंय. लीद मी उचलीन, पाहुण्यांच्या देखत उचलीन. माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल. घोडे तेवढे आण.

तुझीच,
फुसाताई