बिनआवाजाचा झेल

चिखले, ता. डहाणू
गुरुवार, ११ मे २०१७

तीर्थस्वरूप निशिगंधाताईंस,

मावसभाऊ जतीन याचा साष्टांग नमस्कार. आपली प्रकृती, भाऊजींचा गुडघा आणि नाशिकच्या घरातील ती पूर्वेची खिडकी, जिच्यापाशी बसून आपण चित्रे काढता, ही तिन्ही सुस्थितीत असावीत अशी आशा करतो. आपले मामा ठणठणीत आहेत. त्यांना ऐकू कमी येते. परंतु जे ऐकायचे नसते तेवढेच कमी येते, असे मयुराचे निरीक्षण आहे. (मयुरा म्हणजे मामांच्या प्रितमची पत्नी. हे अक्षर तिचे आहे; मी सांगतो आणि ती लिहिते. असे का, ते पुढे येईल.) गेल्या सहा वर्षांत आपल्यात पत्रव्यवहार झाला नाही. त्याला कारण माझा एक लेख आहे, आणि त्याच्याकडेही मला यायचे आहे. परंतु कोणतीही गोष्ट क्रम सोडून सांगणे मला जमत नाही, हे आपण जाणताच.

तर क्रमाने. आमच्या मासिकाचा जूनचा अंक उन्हाळी खेळांचा विशेषांक आहे आणि त्याचे मुखपृष्ठ माझ्याकडे आहे. संपादकांना त्यावर क्रिकेटमधला एक झेल हवा आहे: वरून येणारा चेंडू आणि खाली दोन हात, बस. चित्र वीस तारखेला छापखान्यात पोहोचले पाहिजे. इतके सोपे काम दहा वर्षांत माझ्या वाट्याला आले नव्हते, अशा समजुतीने मी ते घेतले आणि आजवर एक्केचाळीस झेल काढून एक्केचाळीस फाडले. उन्हाळी खेळांविषयी माझे जुने मत असे की विटीदांडू, लगोरी आणि सुट्टीतले क्रिकेट यांत चित्रकाराच्या दृष्टीने एकच मोठा दोष आहे: खेळणारा कधी नीट उभा राहत नाही. म्हणून मी शास्त्राची कास धरली. माझ्या चित्रकथेचा नायक ‘धैर्यशील धावपटू’ गेली अकरा वर्षे जी प्रत्येक उडी मारतो तिचा कोन मी कोनमापकाने मोजलेला असतो. हाताच्या पंजात सत्तावीस हाडे असतात आणि माझ्या पात्रांच्या हातांत, कातडीखाली का होईना, ती सत्तावीस असतातच. शिवाय ध्वनी. चित्रकथेत झेल म्हटला की शेजारी काटेरी ढगात एक शब्द लागतो. मी ‘थप्’ लिहितो. (‘ठप्प’ नव्हे, ठप्प हा कपाट पडल्याचा आवाज आहे. आपण काढता त्या ‘पळपुट्या पैलवाना’त साध्या झेलालाही ‘धडाम’ असते, याविषयी मी पूर्वी पुरेसे लिहिले आहे.) एवढी तयारी असूनही झेल साधेना. हात चेंडूला पकडत होते, पण चेंडू आला आहे असे वाटत नव्हते. शेवटी मुंबईच्या गोंगाटाला दोष देऊन मी मामांच्या वाडीत येऊन राहिलो.

येथे पहिल्याच दिवशी लोकप्रियतेचा धडा मिळाला. चिकू खोक्यांत भरण्याची शेड आपल्याला आठवत असेल. आता तेथे सोनीबाई नावाच्या वृद्ध बाईंचे राज्य आहे. चिकू हातात घेऊन तो दिल्लीला जाईल की डहाणूच्या बाजारातच राहील, हे त्या एका दमात ठरवतात आणि त्यावर मामांचेही काही चालत नाही. मी गेलो तेव्हा त्या खोक्यांच्या तळाशी कागद अंथरत होत्या. तो कागद म्हणजे आमचे मासिक होते. धैर्यशील माझ्या डोळ्यांदेखत तीन डझन चिकूंखाली गेला. मी शक्य तितक्या अलिप्तपणे चौकशी केली. “ह्यो कागद बेस हाय, भाऊ,” सोनीबाई म्हणाल्या, “जाड हाय. आन् कोनी हात लावत नाय, म्हनून चुरगळत नाय.” मग मी आपला ‘पळपुटा पैलवान’ कोणत्या खोक्यात जातो असे विचारले (तुलनात्मक अभ्यासासाठी). शेडमधल्या सगळ्या बायका माझ्याकडे वळून पाहू लागल्या. त्याचे अंक खोक्यात जात नाहीत. ते शेडच्या भिंतीवर, खुंटीला दोरीने बांधून टांगलेले असतात आणि जेवणाच्या सुट्टीत हातोहात फिरतात. सोनीबाईंना वाचता येत नाही. “पन तो पळतो ना, ता समजतां,” त्या म्हणाल्या. “ह्यो तुमचा हुबा ऱ्हातो.” ताई, माझ्यावर आजवर झालेल्या टीकेत इतकी नेमकी, इतकी कमी शब्दांतली टीका मी वाचलेली नाही. मी ती वहीत उतरवून घेतली आणि दोन दिवस शेडकडे फिरकलो नाही.

रविवारी तोडणी नसते. वाडीमागच्या मोकळ्या भातशेतात दुपार कलल्यावर सामना असतो: चिखल्याच्या बायका विरुद्ध तलासरीकडून तोडणीला आलेल्या बायका. पदर खोचून खेळतात, चेंडू टेनिसचा, बॅट बहुधा प्रितमच्या शाळकरी दिवसांतली. पंच सोनीबाई. त्या यष्टीमागे खुर्ची टाकून बसतात आणि खेळाकडे जवळजवळ पाहतच नाहीत, हे मला प्रथम अत्यंत गैर वाटले. दुसऱ्याच षटकात तलासरीच्या एकीने चांगला, स्वच्छ, कोणत्याही पुस्तकात छापावा असा झेल घेतला. चेंडू हातात ‘थप्’ असा वाजला (मला समाधान वाटले) आणि सोनीबाईंनी मान हलवली. नाबाद. कोणी तक्रार केली नाही. झेल घेणारीच ओशाळली. मी पुढे होऊन क्रिकेटच्या बत्तिसाव्या नियमाचा, पोटकलमांसह, दाखला दिला. सोनीबाईंनी तो पूर्ण ऐकून घेतला आणि म्हणाल्या, “तो तुमचा कायदा. हा वाडीचा. आवाज आला तं कॅच नाय.”

मयुराने मला नंतर समजावले. वेळूला बांधलेली जाळी जेथे पोहोचत नाही त्या शेंड्यावरचे चिकू एक बाई झाडावर चढून खुडते आणि एकेक करून खाली सोडते. खालची ते हातांत घेते. घेताना आवाज झाला, की फळाला मार बसला. तो मार आज दिसत नाही. तिसऱ्या दिवशी, खोके दिल्लीत उघडल्यावर, काळा डाग होऊन दिसतो. म्हणून सोनीबाई खाली बसून पाहत नाहीत, ऐकतात, आणि वाजलेला चिकू वेगळा काढतात. चाळीस वर्षे ऐकत आल्या आहेत. चेंडू काय, चिकू काय, त्यांच्या कानाला फरक नाही. जो झेल वाजला तो झेल नव्हे, ती नुसती टक्कर. हे मी तिला पुन्हा सांगायला लावले आणि वहीत उतरवून घेतले. (हे खरे आहे, ताई. फक्त तीनदा सांगावे लागले. — मयुरा)

त्यानंतर मी नवशीचा झेल पाहिला, आणि आता मला भाषा पुरत नाही असे लिहिण्याची पाळी येते आहे, जी माझ्यावर सहसा येत नाही. नवशी तलासरीची, चाळिशीची, बारीक चणीची बाई आहे. तिच्या गावाला शेंड्यावरचा चिकू म्हटले की तिचेच नाव घेतात म्हणे. चिखल्याच्या हिरीने मारलेला चेंडू ताडाच्या उंचीवर गेला. नवशी धावली नाही, चालत गेली. हात वर नेले. चेंडू येण्याच्या कितीतरी आधी, जणू वरच जाऊन त्याला भेटावे. मग चेंडू आला, आणि तो हातांत पडलाच नाही. हात त्याच्याबरोबर खाली यायला लागले. खांद्यापासून छातीपर्यंत, छातीपासून पोटापर्यंत, दोघे एकाच वेगाने उतरत होते, आणि कोठेतरी, कोणत्या क्षणी ते मला सांगता येणार नाही, तो चेंडू तिचा झाला. काही ऐकू आले नाही. शेताच्या बांधावरचा बगळासुद्धा उडाला नाही. सोनीबाईंनी बोट वर केले. मी नवशीच्या हातांकडे पाहत राहिलो. ताई, त्या घटकेला त्या हातांत सत्तावीस हाडे नव्हती. एकही नव्हते. बोटे मी मोजण्याचा प्रयत्न केला; चारच दिसली.

आता तो लेख. सहा वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात मी ‘लोकप्रिय चित्रकथेचा ऱ्हास’ या मथळ्याखाली लिहिले होते की निशिगंधाबाईंच्या पात्रांच्या हातांना हाडे नसतात आणि बोटे चारच असतात, यावरून लेखिकेने मानवी हात कधी पाहिला नसावा. आपण तो पाहिला होता. मी पाहिला नव्हता. आपला पैलवान भजी उचलतो, मांजर उचलतो, घाबरून स्वतःचीच चप्पल छातीशी धरतो, तेव्हा प्रत्येक वेळी त्याचे हात त्या वस्तूबरोबर थोडे खाली येतात, हे मी त्याच संध्याकाळी शेडमधला अंक खुंटीवरून (परवानगी घेऊन) उतरवून तपासले. एकूण चौसष्ट पाने. एकही चूक सापडली नाही. मी शोधली होती.

मात्र त्याआधी सामना संपायचा होता. तलासरीची एक खेळाडू लग्नाला गेली होती. “हुबेच हायत तं हिकडे हुबे ऱ्हा,” असे म्हणून सोनीबाईंनी मला सीमेवर नेऊन उभे केले. शेवटचा चेंडू, चिखल्याला दोन धावा हव्यात, हिरी फलंदाजीला. तिने मारला आणि तो सरळ माझ्याकडे आला. मला सर्व तत्त्व समजलेले होते. हात वर नेले. थोडे अधिकच वर नेले. चेंडू उजव्या हाताच्या बोटाच्या टोकावर बसून मग तळव्यात आला, आणि ‘थप्’ झाले. (ध्वनीची माझी नोंद अचूक होती, एवढे येथे नमूद करतो.) मी चेंडू उंच धरून उभा राहिलो. त्या अवधीत हिरीने दोन धावा पळून काढल्या. तलासरी हरली. कोणी रागावले नाही, ते अधिक लागले. नवशी जवळून जाताना एवढेच म्हणाली, “भाऊ, तुमचा चिकू डहाणूच्याही पुढं नाय जायाचा.”

बोट सुजले. डहाणूच्या डॉक्टरांनी ते शेजारच्या बोटाला पट्टीने बांधले आणि तीन आठवडे पेन्सिल धरण्यास मनाई केली. (डॉक्टर काय म्हणाले ते मी ऐकले होते, पण मी फक्त लिहिते आहे. — मयुरा) तेव्हा अक्षर मयुराचे का, ते आता आपल्या लक्षात आले असेल.

मामांचे आशीर्वाद, प्रितम-मयुराचे नमस्कार. भाऊजींना गुडघ्यावर भार देऊ नये असे माझ्यातर्फे सांगावे. न ऐकल्यास चित्र काढून दाखवावे, आपले ते ऐकतील.

आपला आज्ञाधारक (हा शब्द मी विचारपूर्वक सांगितला आहे),
जतीन

ता. क. मूळ विषय राहिला. वीस तारीख नऊ दिवसांवर आहे आणि माझा हात असा. ते मुखपृष्ठ आपण काढावे, अशी माझी विनंती आहे. संपादकांना मी फोनवर सांगितले; ते इतके आनंदले की मला ते पूर्णपणे आवडले नाही. आपल्या पद्धतीनेच काढावे. चार बोटे चालतील. यासंबंधी माझ्या काही अटी आहेत, त्या अशा. (त्या मी लिहिल्या नाहीत, ताई. सात होत्या. — मयुरा)

पुन्हा ता. क. लेखातले ‘हाडे नसतात’ हे वाक्य मी मागे घेत नाही. ते खरे होते. ते दोष म्हणून लिहिले, तेवढे मागे घेतो. मथळाही.

आणखी एक ता. क. मयुरा वासराला पाणी दाखवायला गेली आहे. हे मी स्वतः लिहितो आहे, उजव्या हाताने. डॉक्टर तीन आठवडे म्हणाले नव्हते, तीन दिवस म्हणाले होते. पट्टी काल सकाळी निघाली आणि दुपारी मी बेचाळिसावा झेल काढला. मनगट बरोबर, सावली बरोबर, बोटांची लांबी नवशीच्या बोटांवरून मापून घेतलेली. शेजारी शब्द लिहिला नाही, ढगसुद्धा नाही. सोनीबाईंकडे नेला. त्यांनी फडक्याला हात पुसले, कागद दोन्ही हातांनी धरला, बराच वेळ पाहिला आणि मान हलवली. आवाज मलाही आला होता.

ताई, तू ये. मंगळवारी जव्हारवरून येणाऱ्या एसटीने ये, मी डहाणूच्या स्टँडवर रिक्षा घेऊन थांबतो. रविवारची वाट पाहायला नको. नवशी रोज झाडाखाली असते, तुला एकदाच पाहिले तरी पुरेल. नाव तुझे एकटीचे छापायचे. फक्त रंग मला भरू दे. रेघेबाहेर जाणार नाही.