ओढ्यापलीकडचा साग

किनवट, मंगळवार, संध्याकाळ

ओढ्यापलीकडच्या जुन्या सागाखाली मी आज गेलेच नाही, आणि उद्या सकाळी त्याला कुऱ्हाड लागणार. आमचा नियम साधा आहे. तोडवाल्यांचा मुकादम आणि पक्ष्यांसाठी काम करणारी मी, दोघांनी प्रत्येक झाडाखाली उभं राहून ढोली बघायची, मगच यादीवर सही. मी दमले होते. तशीच सही केली.

न पाहिलेलं पाहिलं म्हणू नये, हे आईनं मला अक्षरांच्या आधी शिकवलं. त्या सागाच्या ढोलीत पिल्लं असली तर?

शेवटी मुकादम गंगाराममामांना फोन केला. "मामा, ओढ्यापलीकडचा साग तुम्ही तरी पाहिला ना?"

"न्हाई ओ ताई. तुमची सही दिसली, म्हणून म्या बी केली. तुम्ही तर पानबी उलटून बघता." ते हसले. "उजाडताच या. तवर कुऱ्हाड थांबवतो."

तो साग उद्या पाहीन. आता भीती त्याची नाही. मागच्या आठवड्यात टेकडीवरची झाडं पाडली. त्या यादीवर मामांची सही आधी होती. ती पाहूनच मी माझी केली होती.